मनगटावरील दोरी

अलीकडे गिर्यारोहणाचें सामान विकणाऱ्या दुकानांत रंगीबेरंगी दोरीचीं विणलेलीं कडीं मिळतात, व कित्येक विद्यार्थ्यांच्या मनगटांवर तीं दिसूं लागलीं आहेत. मुलांस हें कडें हातांत असलें म्हणजे आपण कोणत्याहि संकटास तयार आहों असें वाटतें. पालकांस तो केवळ एक नखरा वाटतो. आमच्या मतें हे दोन्ही समज अपुरे आहेत. हें कडें कशाचें बनतें, त्याचा खरा उपयोग कोणता, आणि त्या उपयोगाची मर्यादा कोठें येते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

ह्या दोरीस पॅराकॉर्ड असें म्हणतात. पॅराशूट म्हणजे हवाई छत्री. तिच्या कापडापासून खालीं सैनिकाच्या पट्ट्यांपर्यंत ज्या बारीक दोऱ्या येतात, त्यांचेंच हें नांव होय. पूर्वीं ह्या छत्र्या रेशमाच्या असत. १९३५ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोथर्स ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखालीं नायलॉनचा शोध लागला. पुढें १९४१ सालीं जपानचें रेशीम मिळेनासें झालें, तेव्हां अमेरिकन सैन्यानें छत्र्यांसाठीं नायलॉनचा उपयोग केला. जमिनीवर उतरलेले सैनिक त्या दोऱ्या टाकून न देतां कापून घेत, आणि सामान बांधणें, तंबू ताणणें इत्यादि कामीं लावीत. १९९७ सालीं हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीस गेलेल्या अंतराळवीरांनीं देखील तिचें फाटलेलें आवरण ठीक करतांना ही दोरी वापरली. ज्या दोरीनें युद्धांत व अंतराळांत काम दिलें, ती आज मुलांच्या मनगटावर येऊन बसली आहे.

ह्या दोरीची जाडी सुमारें ४ मिलिमीटर, म्हणजे बुटाच्या जाड नाडीएवढीच असते. बाहेरून वेणीसारखें विणलेलें कवच, आणि त्याच्या आंत सात ते नऊ पिळदार धागे, अशी तिची रचना आहे. कवच भाराचा कांहीं वांटा उचलतें आणि आंतील धाग्यांचें घासण्यापासून रक्षण करतें. 'टाइप ३' ह्या जातीची दोरी ५५० पौंड, म्हणजे सुमारें २५० किलोग्रॅम, इतका ताण सहन करणारी असावी असा अमेरिकन सैन्याचा दंडक होता. काथ्या किंवा सूत भिजून कुजतें; नायलॉन कुजत नाहीं. शिवाय तें ताणलें असतां लांबतें, म्हणून लहानसा हिसका त्यास सोसतो. मात्र बाजारांतील प्रत्येक कडें ह्या प्रतीचें नसतें. विकत घेण्यापूर्वीं दोरीचें टोंक पाहून आंतील धागे मोजावे. केवळ रंगावर भुलूं नये.

कडें विणण्यास लांबीच्या प्रत्येक इंचामागें सुमारें एक फूट दोरी लागते. तेव्हां आठ इंचांच्या कड्यांत आठ ते दहा फूट दोरी सांठविलेली असते. दप्तराचा पट्टा तुटला, वहाणेचा अंगठा निसटला, सायकलच्या मागें ठेवलेलीं पुस्तकें घसरूं लागलीं, सहलींत पाऊस आल्यामुळें ताडपत्री बांधावी लागली, भिजलेले कपडे वाळत घालावयाचे झाले, अशा प्रसंगीं ही दोरी तत्काळ उपयोगी पडते. आंतील एक धागा ओढून काढला तर त्यानें फाटलेली पिशवी शिवतां येते. हात मोडल्यास फळी व मऊ कापड लावून, वरून ही दोरी सैलसर बांधून तो आधारानें ठेवतां येतो. उपयोग लहान खरे. पण नित्याच्या अडचणीहि बहुधा लहानच असतात.

आतां मर्यादांकडे वळूं, कारण येथें चूक झाली तर प्राणावर बेतते.

२५० किलोग्रॅम हा आंकडा ऐकून, ५० किलोग्रॅम वजनाचा मुलगा हिला धरून गडाच्या कड्यावरून किंवा विहिरींत सहज उतरूं शकेल, असें कोणासहि वाटेल. तसें कदापि करूं नये. तो आंकडा नव्या, सरळ व गांठ नसलेल्या दोरीचा आहे. गांठ मारतांच दोरीचें बळ पुष्कळ घटतें, कधीं जवळजवळ निम्म्यावर येतें. उन्हानें तें दिवसेंदिवस क्षीण होतें. खडकाच्या धारेवर ती कापली जाते. घसरलेल्या मनुष्याचा हिसका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. शिवाय नायलॉनवर नायलॉन जोरानें घासलें तर उष्णतेनें वितळून तुटतें. म्हणून ह्या दोरीवर मनुष्याचा भार कधींहि टाकूं नये. झोका देखील बांधूं नये.

दुसरी गोष्ट सर्पदंशाची. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे आपल्याकडील प्रमुख विषारी साप होत. दंशाच्या वर दोरी आवळून बांधण्याची चाल खेड्यांत फार जुनी आहे, आणि मनगटावर दोरी तयार असली म्हणजे तो मोह अधिकच होतो. परंतु ह्या उपायानें रक्तप्रवाह अडून अवयव सडण्याचें भय असतें. रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलूं देऊं नये, आणि वेळ न दवडतां प्रतिविषाचें इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयांत त्यास न्यावें. रक्तस्राव होत असतां देखील बारीक दोरी आवळूं नये. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें. तसेंच चालू यंत्राजवळ काम करतांना हें कडें काढून ठेवावें. चाकांत अडकलें तर न तुटण्याचा त्याचा गुणच घातक ठरेल.

शेवटची गोष्ट गांठींची. ज्यास गांठ मारतां येत नाहीं त्याच्या मनगटावरील दोरी हा निव्वळ दागिना होय. निदान तीन गांठी प्रत्येक विद्यार्थ्यानें शिकाव्या: खांबास दोरी अडकविण्यासाठीं क्लोव्ह हिच, न सरकणारा फांस करण्यासाठीं बोलाइन, आणि दोन दोऱ्या जोडण्यासाठीं शीट बेंड. आमच्या स्काउट विद्यार्थ्यांस ह्या ठाऊकच आहेत; इतरांनीं त्यांच्यापासून शिकून घ्याव्या. तसेंच विणलेलें कडें उलगडण्यास कांहीं मिनिटें लागतात, हेंहि पुष्कळांस माहीत नसतें. म्हणून तें एकदां घरीं बसून पूर्ण उलगडावें, पुनः विणावें, आणि मग हातांत घालावें. पालकांनींहि त्या वेळीं जवळ बसावें, आणि ह्या दोरीनें काय करावें ह्याबरोबरच काय करूं नये, हें मुलाकडून एकदां वदवून घ्यावें. तें त्यास नीट सांगतां आलें, तर कडें घालण्यास त्यास खुशाल परवानगी द्यावी.