कोणाला कितवे पत्र?

मासिकाचा ऑगस्टचा अंक सर्व वर्गणीदारांना ऑगस्टमध्येच मिळतो. मग कोणी दहा वर्षांपासूनचा वर्गणीदार असो की कालच नाव नोंदवलेला असो. ई-मेलने चालणाऱ्या स्वयंचलित पत्रमालेचे तसे नसते. तुम्ही नाव नोंदवले की पहिले पत्र येते, आठवड्याने दुसरे, त्यानंतरच्या आठवड्याला तिसरे. तुमच्या मैत्रिणीने दोन महिन्यांनी नाव नोंदवले, तरी तिची सुरुवात पहिल्या पत्रापासूनच होते. म्हणजे एकाच सकाळी कोणाला सदतिसावे पत्र जाते, कोणाला चौथे. लिहिणाऱ्याने पत्रे एकदाच लिहून ठेवलेली असतात. पाठवण्याचे काम संगणक करतो. त्याला हे जमते तरी कसे?

समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने आकाशदर्शनावर ५२ पत्रांची माला सुरू केली आणि ३०० जणांनी नावे दिली. (पैसे घ्यायचे नसले तरी आपण त्यांना वर्गणीदारच म्हणू.) पहिली युक्ती कोणालाही सुचेल अशी आहे. नाव नोंदवून किती दिवस झाले ते मोजावयाचे, त्याला ७ ने भागावयाचे आणि १ मिळवावयाचा. २८ दिवस झाले असतील तर पाचवे पत्र. प्रत्येकाची फक्त एक तारीख लक्षात ठेवली की झाले. युक्ती मोठी सुटसुटीत दिसते.

आता सहा महिन्यांनी तुमच्या ध्यानात येते, की पाचवे पत्र अवघड झाले आहे. त्याच्या आधी क्रांतिवृत्त म्हणजे काय हे सांगणारे एक पत्र हवे. तुम्ही ते मध्ये घातले. जुने पाचवे पत्र सहावे झाले, जुने विसावे एकविसावे झाले. ज्याला गेल्या आठवड्यात विसावे मिळाले, त्याच्यासाठी गणित आज २१ हा आकडा देते. पण एकविसाव्या जागी तर तेच जुने पत्र बसलेले! त्या बिचाऱ्याला तेच पत्र पुन्हा मिळणार आणि नवे पत्र कधीच मिळणार नाही. उलट, एखादे पत्र गाळले तर पुढे गेलेल्या प्रत्येकाचे एक पत्र बुडणार. गणितात चूक नाही. पत्राची रांगेतली जागा हीच त्याची ओळख मानली, तेथे घोटाळा झाला.

म्हणून जाणकार मंडळी खतावणी ठेवतात. प्रत्येक पत्राला एक कायमचे नाव द्यावयाचे, ते रांगेत कोठेही सरकले तरी न बदलणारे. प्रत्येक वर्गणीदाराचे एक पान करावयाचे आणि त्याला कोणते पत्र कोणत्या तारखेला गेले हे त्यात लिहावयाचे. मग नियम सोपा होतो: रांगेत वरून खाली पाहत जा आणि या पानावर नसलेले पहिले पत्र पाठव.

आकाशाच्या पत्रांना आणखी एक अडचण आहे. समजा, सहावे पत्र सांगते, ‘आज रात्री गच्चीवर जा आणि मृग नक्षत्र पाहा.’ १ मे रोजी नाव देणाऱ्याला हे पत्र ३५ दिवसांनी, ५ जूनला मिळेल. शेतकरी ‘मृग लागला’ म्हणतात तो ७ जूनच्या सुमारास, आणि त्याचा अर्थच असा की सूर्य त्या नक्षत्रात आला. म्हणजे वर्षात जेव्हा मृग दिसणे शक्य नाही, नेमके तेव्हाच आपण त्याला गच्चीवर पाठवले! ढगांची गोष्ट तर वेगळीच. अशा पत्रावर ‘डिसेंबर ते मार्च’ अशी खूण हवी. इतर महिन्यांत संगणक ते बाजूला ठेवील, पुढचे पाठवील आणि डिसेंबरात खतावणी पाहून राहिलेले पत्र देईल. नुसता ‘शेवटचा क्रमांक’ लिहून ठेवला असता तर ही बाकी कळलीच नसती.

संगणकाला वेळेवर उठवण्याचे काम मात्र जुने आणि सोपे आहे. १९७९ च्या युनिक्स प्रणालीतही ‘क्रॉन’ नावाची आज्ञावली होती. ती दर मिनिटाला जागी होऊन एखादे काम करावयाची वेळ झाली आहे का ते पाही.

खरी कसोटी पुढे आहे. ३०० पैकी १४० पत्रे गेली आणि वीज गेली. वीज आल्यावर काय करावयाचे? सगळी पत्रे पाठवून झाल्यावर खतावणी एकदम लिहावयाची असे ठरले असेल, तर त्या १४० जणांना तेच पत्र पुन्हा जाईल. म्हणून एक पत्र गेले की लगेच एक नोंद करावी. तरीही एका माणसाबद्दल शंका उरतेच. पत्र गेले, पण नोंद होण्याआधी वीज गेली असेल तर?

टपालखात्यात रजिस्टर पत्राला पोचपावती असे. ई-मेललाही आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या नियमांनुसार पत्र घेणारा संगणक ‘२५०’ असे उत्तर देतो, म्हणजे पत्र स्वीकारले. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’. ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘येऊच नका’. पण हे २५० च वाटेत हरवले तर? पुन्हा पाठवले तर दोन प्रती पोचण्याचा धोका, न पाठवले तर एकही न पोचण्याचा. मग पोचेची पोच मागावी का? ती हरवली तर तिचीही पोच? हा ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ १९७५ मध्ये मांडला गेला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला हे नाव दिले. वाट बेभरवशाची असेल, तर कितीही निरोप पाठवले तरी दोघांची पूर्ण खात्री होऊ शकत नाही, असे सिद्धच झाले आहे. चांगला संगणक आणला म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ई-मेलच्या नियमांनी कौल दिला तो असा: बुडण्यापेक्षा दोनदा पोचलेले बरे. मला तो योग्य वाटतो. मात्र पुन्हा पाठवताना पत्राचा ओळखक्रमांक तोच ठेवावा, म्हणजे घेणाऱ्याला दुसरी प्रत ओळखता येते.

‘आता पत्रे नकोत’ असे कोणी कळवले, तर त्याचे पान फाडून टाकावेसे वाटेल. तसे करू नका! उद्या कोणी जुनी यादी पुन्हा संगणकात भरली, तर पान नसल्यामुळे तो माणूस नवा ठरेल आणि त्याला पहिल्यापासून ५२ पत्रे सुरू होतील. पान ठेवावे आणि त्यावर ‘नको’ असा शिक्का मारावा. एका टिचकीसरशी नाव काढता यावे यासाठीची पद्धत २०१७ मध्ये ठरली. दिवसाला ५,००० हून अधिक ई-मेल जीमेलकडे पाठवणाऱ्यांना जाहिरातींच्या व वर्गणीच्या पत्रांसाठी ती ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी सक्तीची केली.

हे सारे संगणकाशिवायही करून पाहता येईल. पाच मित्रांची पाच पाने करा, आठ चिठ्ठ्यांना नावे द्या आणि मित्रांना वेगवेगळ्या दिवशी सुरुवात करून रोज एकेक चिठ्ठी वाटा. चौथ्या दिवशी मध्येच नववी चिठ्ठी घाला आणि वाटणाऱ्याला बदला. नव्या वाटणाऱ्याला कोणाला काहीही न विचारता, नुसत्या पानांवरून, पुढची चिठ्ठी बिनचूक देता येते का ते पाहा.