मासळीला जंत का होतात?

चिरलेल्या मासळीत जंत दिसला की घरात गिल्ला होतो. मासळी नासकी दिली म्हणून कोळणीला बोल लावतात. पण बहुधा तो जंत मासा जिवंत असतानाच त्याच्या पोटात असतो. तो तेथे कसा येतो, ते आम्ही युरोपच्या उत्तर समुद्रातील हेरिंग माशाच्या उदाहरणाने सांगणार आहोत.

या जंताचे नाव अ‍ॅनिसाकिस. पूर्ण वाढलेला जंत देवमाशाच्या किंवा डॉल्फिनच्या जठरात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे समुद्रात पडतात. त्यांतील अळ्या क्रिल नावाच्या, कोळंबीसारख्या बारीक जीवाच्या पोटात जातात आणि क्रिल हेरिंगच्या पोटात. तेथे आतड्याभोवती सुमारे २ सेंटिमीटर लांबीची अळी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळून पडते. तो मासा देवमाशाने गिळला की फेरा पुरा होतो.

यातूनच जंत कमीअधिक होण्याची कारणे उलगडतात. पहिले अन्न : तयार खाद्यावर पोसलेल्या पिंजऱ्यातील साल्मन माशात ही अळी क्वचितच सापडते. दुसरे वय : अळ्या साठत जातात, म्हणून थोराड माशात त्या अधिक. तिसरे पाणी : बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट, तेथे क्रिलही कमी. त्यामुळे तेथेच राहणाऱ्या हेरिंगमध्ये हा जंत सहसा नसतो. पश्चिमेच्या खाऱ्या समुद्रात चरून आलेल्यात असतो.

चौथे कारण मासा मेल्यानंतरचे. नेदरलंड्समध्ये हलके मीठ लावलेली कच्ची हेरिंग खाण्याची चाल आहे. १९५५ पासून तेथे अशी हेरिंग खाल्लेले काही लोक पोटात असह्य कळा येऊन रुग्णालयात येऊ लागले. त्यांच्या आतड्याच्या भिंतीत अळी रुतलेली आढळली. शास्त्रज्ञ व्हान थील यांनी १९६० मध्ये तिचा संबंध हेरिंगशी जोडून दाखविला. पूर्वी खलाशी बोटीवरच माशाची आतडी काढून मीठ भरीत. पुढे मासा न चिरता बर्फात ठेवून बंदरावर आणू लागले. तेवढ्या अवधीत अळ्यांना आतड्यांकडून मांसात शिरण्यास सवड मिळते, असा उलगडा करण्यात आला.

आमचे आयुष्य कामगारांत गेले. काही बिघडले की हात राबणाऱ्याकडे बोट दाखवितात. कामाची रीत कोणी व का बदलली, हे मात्र विचारीत नाहीत. नेदरलंड्सने १९६८ मध्ये रीतच सुधारली : अशी हेरिंग उणे २० अंश सेल्सिअसला निदान २४ तास गोठविण्याचा कायदा केला आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला.

आपल्या किनाऱ्यावरील माशांतही या कुळातील अळ्या आढळल्या आहेत. पण ६० अंशांची उष्णता मिनिटभर आतपर्यंत पोचली की त्या मरतात, आणि आपले कालवण तर रटरटा उकळते. लिंबू वा शिरक्यावर मात्र विसंबू नये. कच्चा मासा खावयाचा तर तो नीट गोठविला होता का, हे आधी विचारावे. आणि कोळणीवर रागावण्यापूर्वी थोडे थांबावे.