पडद्यावर सहा बहिणी, रांगेत आम्ही नऊजणी

२०२३ साली बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती, २९ जूनला. राज्यातल्या अनेक गावांत मुस्लिम मंडळींनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढे ढकलली. आमच्या घरांतही तसेच ठरले. त्यामुळे शुक्रवारी, ३० जूनला, 'बाईपण भारी देवा' हा सिनेमा लागला तेव्हा आम्ही गोश्ताचे हिस्से करण्यात, पाहुण्यांना वाढण्यात आणि मोठाली पातेली घासण्यात गुंतलो होतो. असा काही सिनेमा आला आहे हे आम्हाला कळले ते चार-पाच दिवसांनी, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतून. नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या, डोळ्यांवर काळा गॉगल चढवलेल्या बायका थिएटरात पडद्यासमोर नाचत होत्या. त्यांतल्या निम्म्या तरी आमच्याच वयाच्या असतील, चाळिशी-पन्नाशीच्या.

केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेला आणि वैशाली नाईक यांनी लिहिलेला हा सिनेमा सहा सख्ख्या बहिणींचा आहे. एकमेकींपासून तुटलेल्या या बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब यांनी त्या बहिणी उभ्या केल्या. त्यात नायक नाही, मारामारी नाही, तरुण जोडप्याची प्रेमकहाणीही नाही. धंद्याच्या हिशेबाने पाहिले तर अशा सिनेमावर कुणी मोठा डाव लावला नसता. पहिल्या आठवड्यात त्याने सुमारे साडेबारा कोटी रुपये मिळवले. दुसऱ्या आठवड्यात सिनेमाची कमाई सहसा उतरते. याची मात्र जवळजवळ दुप्पट झाली. शेवटी आकडा ७६ कोटींच्या आसपास गेला आणि मराठीत 'सैराट'च्या खालोखाल या सिनेमाचे नाव घेतले जाऊ लागले.

त्या दुसऱ्या आठवड्यात नऊ तिकिटे आमची होती.

आम्ही महाड आणि पोलादपूरच्या नऊजणी. मोठी आपा, दोन भाभ्या, एक नणंद, साठी ओलांडलेल्या खाला आणि बाकीच्या जवळच्या. सगळ्यांत धाकटी एकवीस वर्षांची, नुकताच तिचा रिश्ता ठरलेला. पनवेलला जायचे ठरले, कारण आपाची मुलगी तिथे राहते आणि बुधवारच्या दुपारच्या खेळाची तिकिटे तिने मोबाइलवर काढून ठेवली होती. शिवाय पनवेलमध्ये ओळखीचे डोळे कमी. हे कारण कुणी बोलून दाखवले नाही, पण ते सगळ्यांच्या मनात होते.

थिएटरच्या तिकिटावर छापलेली किंमत एक असते आणि आमच्याकडच्या बाईला पडणारी किंमत वेगळी असते. दोघींचे शौहर कुवेतला. त्यांना फोनवर विचारावे लागले. एकाने लगेच 'जा' म्हटले. दुसऱ्याने विचारले, "जनाजा आहे की शादी? एवढ्या लांब कशाला?" एका घरात सासूबाईंना सिनेमा मुळातच पसंत नाही. त्यांच्याशी खोटे बोलायचे नाही असे ठरले आणि त्या सुनेने खरे सांगितले. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, पण अडवलेही नाही. त्यात जुलै महिना. २२ जुलै २०२१ च्या सुमारास सावित्रीचे आणि गांधारीचे पाणी महाडात शिरले, तळिये गावावर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यात केवनाळ्यालाही माणसे गाडली गेली. तेव्हापासून जुलैमध्ये दिवसभरासाठी घर सोडायचे म्हटले तरी छातीत धस्स होते. निघण्याआधी आम्ही कपाटातले सामान माळ्यावर चढवून ठेवले, कागदपत्रांची पिशवी बरोबर घेतली आणि शेजारणीकडे चावी दिली. सिनेमाला जाताना मालमत्तेचे कागद बरोबर नेणाऱ्या बायका राज्यात किती असतील कोण जाणे.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूने होती. त्याच वर्षीच्या १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट सुरू झाले होते. पोलादपूरहून पहाटे निघालेल्या गाडीत महाडकरणी चढल्या. सव्वाशे किलोमीटरचा रस्ता, माणगावची कोंडी आणि खड्डे. तरी अर्ध्या तिकिटामुळे "एवढे पैसे घालवून?" हा प्रश्न निम्मा तरी बोथट झाला. या सिनेमाच्या यशाबद्दल पुष्कळ लिहून आले, पण अर्ध्या तिकिटाचा त्यात काही हात होता का, हे कुणी मोजलेले आमच्या वाचनात आले नाही. आमच्यापुरता तरी होता.

आपाच्या मुलीकडे जोहरची नमाज अदा करून आम्ही थिएटरला पोचलो. रांगेत पुढे वीस-पंचवीस बायकांचा एक गट होता, सगळ्या एकाच रंगाच्या साड्यांत. आम्ही बुरख्यात. त्यांच्यातल्या एका बाईने मागे वळून विचारले, "तुम्ही कुठून?" महाड म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. "एवढ्या लांबून? अगं, या महाडहून आल्यात बघा!" मग आमचा एक वडा त्यांच्याकडे गेला आणि त्यांची एक चकली आमच्याकडे आली.

खेळ सुरू असताना हसण्याच्या जागा आम्हाला कुणी दाखवाव्या लागल्या नाहीत. मंगळागौर आमच्या घरची नाही. पण फुगडी आम्ही सगळ्यांनी घातली आहे आणि लग्नघरातल्या बायकांच्या रात्री आम्हालाही ठाऊक आहेत. गुडघे दुखत असताना नाचायला उभी राहणारी बाई पाहून खालांनी जोरात "हाय अल्ला" केले आणि पुढची रांग वळून हसली.

शेवटचे गाणे लागले तेव्हा बायका उठून पडद्याजवळ गेल्या. साडीवाल्यांपैकी एकीने आमच्या धाकटीचा हात धरला, "चल गं." ती उठली, दोन पावले गेली आणि थांबली. समोर चार-पाच मोबाइल वर धरलेले होते. तिला जे दिसले ते आम्हालाही दिसले. आम्ही महाडला पोचण्याआधी तो व्हिडिओ पोचला असता. आज इथे, उद्या तिच्या होणाऱ्या सासरच्या मोबाइलवर. ती परत येऊन खुर्चीत बसली आणि बसल्या जागी टाळ्या वाजवत राहिली.

त्या व्हिडिओंनीच हा सिनेमा दुसऱ्या आठवड्यात वर नेला, असे जाणकार सांगतात. निर्मात्यांना ती फुकटची जाहिरात मिळाली. एक गट नाचतो, त्याचा व्हिडिओ पाहून दुसरा गट निघतो. आम्हीही तसेच निघालो होतो. पण आम्हाला पाहून पुढचा गट निघेल अशी सोय नव्हती. कमाईच्या आकड्यात आम्ही आहोत, व्हिडिओत नाही. पुढचा सिनेमा कुणासाठी काढायचा हे ठरवताना निर्माते ते व्हिडिओ पाहत असतील, तर आमच्यासारख्या बायका थिएटरात येतात हे त्यांना कळणार कसे? एवढ्या बायकांच्या या कथेत आमच्यासारख्या घरातली एखादी सखी-शेजारीण का नाही, असे भाभींनी परतीच्या वाटेवर विचारले. त्यात तक्रार नव्हती, नुसता प्रश्न होता.

समीक्षकांबद्दलही बोलायला हवे. अभिनयाचे कौतुक बहुतेकांनी केले. पण कथेची वळणे ओळखीची आहेत, भावनांचा मारा जास्त आहे, सहा जणींची सहा दुखणी आणि ती सगळी शेवटी झटपट बरी होतात, असे आक्षेपही आले. बायकांना आवडलेल्या सिनेमाला नावे ठेवतात म्हणून अनेकजणी त्यांच्यावर रागावल्या. आमच्या खाला मात्र समीक्षकांच्या बाजूच्या निघाल्या. आमच्या नऊजणींत दोघी सख्ख्या बहिणी आहेत. महामार्ग रुंद करायला गेलेल्या जमिनीचा मोबदला आला आणि हिश्शावरून त्यांचे बोलणे थांबले. त्या दिवशीही त्या एकाच रांगेत, मध्ये दोन खुर्च्या सोडून बसल्या. बस माणगावला कोंडीत अडकली तेव्हा खाला म्हणाल्या, "पिक्चरमधल्या बहिणींचे दोन तासांत मिटले. आपल्या या दोघींचे पाच वर्षांत मिटले नाही. लिहिणाऱ्या बाईला एकदा आपल्याकडे पाठवा." कुणी हसले नाही. मग थोरलीच हसली. दोघी तेव्हाही बोलल्या नाहीत आणि अजूनही ईदच्या सलामापलीकडे फारसे बोलत नाहीत.

म्हणजे कथेबद्दल समीक्षक बरोबर होते, असे आम्हाला वाटते. पण दर आठवड्याला दोन-तीन सिनेमे पाहणारा माणूस कथा मोजतो. पाच वर्षांत एकदा थिएटरात जाणारी बाई तो सबंध दिवस मोजते. त्या दिवसात बस होती, डबा होता, दुसऱ्याच्या घरची नमाज होती आणि कुणाला चहा करून द्यायचा नव्हता. याची सुरुवात २०२१ च्या नोव्हेंबरात 'झिम्मा'ने करून दिली होती. करोनानंतर थिएटरे निम्म्या खुर्च्यांवर उघडली असताना हेमंत ढोमे यांचा तो सात बायकांच्या लंडन सहलीचा सिनेमा चालला, तोही गटागटाने येणाऱ्या बायकांमुळेच.

त्याआधी मराठी विनोदात बाईची जागा काय होती? 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. आजही लागला की घरातले सगळे बसतात, आम्हीही बसतो. पण त्यातल्या सगळ्यांत लाडक्या दोन बायका म्हणजे साडी नेसलेले लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन पिळगावकर. २००४ मध्ये याच केदार शिंदे यांनी 'अगं बाई अरेच्चा!' काढला. त्यात बायकांच्या मनातले ऐकू येते ते एका पुरुषाला, संजय नार्वेकर यांना. सिनेमा गमतीचा होता. पण बायकांनी आपल्या मनातले आपल्या तोंडाने बोलून हसवायला आणखी एकोणीस वर्षे लागली.

परदेशातही फार वेगळे नाही. त्याच जुलैच्या २१ तारखेला ग्रेटा गर्विग यांचा 'बार्बी' आला. तोही बाईचा, तोही विनोदी, आणि गुलाबी कपडे घालून बायका गटाने गेल्या. त्या वर्षी जगात सर्वांत जास्त कमाई त्याचीच. ऑस्करची नामांकने जाहीर झाली तेव्हा बाहुलीच्या मित्राची भूमिका करणाऱ्या नटाला सहायक अभिनेत्याचे नामांकन मिळाले. बाहुली झालेल्या मार्गो रॉबी यांना अभिनयाचे नाही आणि गर्विग यांना दिग्दर्शनाचे नाही. भाच्याने हे वाचून दाखवले तेव्हा खालांनी फक्त "असंच असतं" म्हटले आणि तांदूळ निवडत राहिल्या.

आम्ही गेलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात, १९ जुलैच्या रात्री, खालापूरजवळ इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर पावसाळाभर कुणी सिनेमाचे नाव काढले नाही.

डिसेंबरात धाकटीचे लग्न झाले, पोलादपूरला. बायकांच्या रात्री आपा दारात परात घेऊन बसल्या. आत येणारीने आपला मोबाइल परातीत ठेवायचा, मगच आत. नवऱ्या मुलीच्या सासरकडच्या बायकांनीही ठेवले. मग दार लावून घेतले आणि थिएटरात अडलेली दोन पावले धाकटीने पुरी केली. खालांनी गुडघ्याला पट्टा बांधून फुगडीत हात दिला. बाहेर परातीत सतरा मोबाइल होते. त्यांतला एक बराच वेळ वाजत राहिला, कुवेतचा नंबर होता, पण आतल्या गलक्यात तो कुणाला ऐकू आला नाही.