सभागृहातील वायफाय : संगणक की ॲक्सेस पॉइंट?

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. अशा गावातील सभागृहात वीसेक विद्यार्थी एकत्र बसून शिष्यवृत्तीचे अर्ज भरणार असतील, तर वायफाय कशावरून द्यावे? कार्यालयातील संगणकाचाच हॉटस्पॉट करावा, की केवळ त्याच कामासाठी बनविलेला ॲक्सेस पॉइंट घ्यावा? आमचा कौल ॲक्सेस पॉइंटला आहे.

संगणक आधीच घेतलेला असल्याने तो पर्याय फुकटचा वाटतो. परंतु विंडोज १० व ११ यांच्या हॉटस्पॉटला एका वेळी आठच उपकरणे जोडता येतात. नववा विद्यार्थी बाहेर राहतो. शिवाय संगणक कोणी बंद केला, किंवा अपडेटसाठी तो आपोआप पुन्हा सुरू झाला, की सर्वांचे अर्ज एकदमच अडकतात. लिनक्सवर ही आठांची मर्यादा राहत नाही. पण ती मांडणी करून देणारा जाणकार नोकरीनिमित्त पुण्याला गेला, तर पुढे ती कोणी सांभाळावी?

विजेचा हिशेबही पाहावा. टेबलावरील संगणक व मॉनिटर मिळून साधारणतः शंभर वॉट घेतात. ॲक्सेस पॉइंटला बहुधा दहा-पंधरा वॉट पुरतात. वीज गेल्यावर तो लहान इन्व्हर्टरवरही बराच वेळ चालतो. (इंटरनेटचा मोडेमही त्याच इन्व्हर्टरवर हवा, हे पुष्कळदा विसरले जाते.) एकाच केबलमधून वीज व डेटा घेणारा ॲक्सेस पॉइंट छतालगत, सभागृहाच्या मध्यावर लावता येतो. कार्यालयाच्या कोपऱ्यातील संगणकाच्या लहरींना मात्र जाड दगडी भिंत ओलांडावी लागते.

या परिसरासाठी आणखी एक गोष्ट. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण सुमारे १५०० मेगाहर्ट्झखालील लहरी टिपते. वायफायचे नेहमीचे पट्टे २४०० व ५००० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याहून बरेच वर आहेत. मोबाइलचे विनापरवाना बूस्टर मात्र ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही चालतात. ते बेकायदेशीर आहेत, बसवू नयेत.

एका दिवसाची सभा आणि पाच-सहा फोन, एवढीच गरज असेल तर लॅपटॉपचा हॉटस्पॉट पुरेसा आहे. एरवी संगणकात धड्यांच्या चित्रफिती साठवाव्यात व तो केबलने ॲक्सेस पॉइंटला जोडावा. पुढे गावासाठी सार्वजनिक वायफाय द्यावयाचे झाल्यास, केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत दुकानदारालाही परवान्याविना ते देता येते. त्यासाठी योजनेच्या निकषांत बसणारा ॲक्सेस पॉइंटच लागतो.