रंगाचे माप

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीच्या काठी मांजरी हे गाव वसले आहे. येथील शिवारात १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. ‘मांजरी मेडिका’ या नावाची द्राक्षाची जात याच केंद्राने तयार केली. रसासाठी ती विशेष उपयोगी आहे, कारण तिच्या सालीप्रमाणेच आतला गरही रंगीत असतो.

द्राक्षबागेत रंगाला मोठे महत्त्व आहे. केवडा रोग पडला म्हणजे पानाच्या वरच्या बाजूस फिकट पिवळे, तेलकट ठिपके उमटतात आणि खालच्या बाजूस पांढरी बुरशी वाढते. भुरी रोगात पानावर राख भुरभुरावी तसा थर दिसतो. आता अशा रोगांची ओळख करून देणारी एखादी सचित्र पुस्तिका छापावयाची आहे, असे समजा. पुस्तिकेतील चित्रात तो फिकट पिवळा ठिपका हिरव्या रंगात मिसळून गेला, तर बागाईतदाराने रोग ओळखावा कसा? औषध फवारण्यास चार दिवसांचा उशीर झाला, तरी बागेचे मोठे नुकसान होते.

असे का व्हावे? छायाचित्र तर उत्तम होते. कागद आणि शाईही चांगली होती. दोष पुष्कळदा एका लहानशा उणिवेत असतो.

संगणकाजवळ रंग नसतात, अंक असतात. चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे प्रमाण ० ते २५५ या अंकांत लिहिलेले असते. याला ‘आरजीबी’ पद्धत म्हणतात. तिन्ही अंक ० असले की काळा रंग होतो आणि तिन्ही २५५ असले की पांढरा. परंतु ‘हिरवा २००’ म्हणजे नेमका किती हिरवा, हे नुसत्या अंकावरून कळत नाही.

पूर्वी धान्य पायलीने मोजत असत. पायलीचे माप मात्र सर्वत्र सारखे नसे. ‘दहा पायली ज्वारी’ एवढेच चिठ्ठीत लिहून आले, तर वाचणाऱ्याने विचारलेच पाहिजे, की पायली कोणत्या गावची? हा घोळ मिटावा म्हणून भारतात १९५६ साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली.

रंगांच्या बाबतीतही पायल्या अनेक आहेत. ‘एसआरजीबी’ हे माप १९९६ साली पुढे आले आणि १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. १९९८ साली ‘अडोबी आरजीबी’ हे दुसरे माप आले. त्यात हिरव्या छटांचा पल्ला अधिक मोठा आहे. चित्रातील अंक यांपैकी कोणत्या मापाचे आहेत हे सांगणारी जी चिठ्ठी फाइलला जोडलेली असते, तिला ‘कलर प्रोफाइल’ म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना ही चिठ्ठी सारखीच वाचता यावी, यासाठी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापन झाला.

ही चिठ्ठी कधी कधी वाटेत गळून पडते. चित्र एका फाइलीतून दुसरीत नेताना किंवा मोबाइलवरून पाठविताना असे होऊ शकते. अंक तेवढे उरतात. मोठ्या मापाचे अंक लहान मापाचे समजून वाचले, तर पानाची हिरवाई मलूल होते आणि पिवळा ठिपका तिच्यात हरवतो. याच्या उलट झाले, तर तेच पान भडक, अगदी खोटे दिसू लागते.

छापखान्यात प्रकाशाने नव्हे, शाईने छापतात. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाया असतात. तीन प्रकाशांच्या अंकांचे चार शायांच्या अंकांत रूपांतर करताना मधला दुभाषी लागतो. मानवी डोळ्याला रंग कसे दिसतात यावर आधारलेली एक मोजणी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ साली ठरविली. तिच्या आधारे हे भाषांतर होते. पण मूळ भाषा कोणती हेच ठाऊक नसेल, तर दुभाषी काय करणार? म्हणून छपाईला देण्यापूर्वी पीडीएफ फाइल तपासून, चिठ्ठी नसलेले आरजीबी घटक शोधावे लागतात.

येथे दोन क्रिया एकसारख्या वाटतात. त्यांत गल्लत करू नये. ‘प्रोफाइल नेमून देणे’ म्हणजे पोत्यावर ‘ही अमक्या गावची पायली’ असे लिहिणे. अंक तेच राहतात, त्यांचा अर्थ ठरतो. ‘रूपांतर करणे’ म्हणजे तेच धान्य दुसऱ्या मापाने पुन्हा मोजणे. त्यात अंक बदलतात, धान्य मात्र शक्य तितके तेवढेच राहते. आधी पहिली क्रिया, मग दुसरी.

शिवाय एकाच पानावर नाना प्रकारचे घटक असतात. काही छायाचित्रांना चिठ्ठी असते, काहींना नसते. काही आकृत्या आधीच चार शायांत केलेल्या असतात. सर्वांवर सरसकट एकच शिक्का मारणे हा आळशी माणसाचा उपाय होय. ज्यांना चिठ्ठी आहे त्यांना हात लावू नये. चार शायांचे घटक वेगळे ठेवावेत. उरलेल्या आरजीबी घटकांसाठी छायाचित्रकारास विचारावे. तो भेटला नाही, तर ‘एसआरजीबी’ मानण्याची रूढी आहे, कारण तेच माप सर्वांत प्रचलित आहे. तरीही नेमणूक केल्यावर पान डोळ्यांनी पाहावे.

काळ्या अक्षरांची तऱ्हा निराळी. ती आरजीबीमध्ये राहून गेली, तर रूपांतरात एका काळ्या शाईऐवजी चारही शायांची होऊ शकतात. छापताना एखादी प्लेट केसभर जरी सरकली, तरी बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. अशी अक्षरे केवळ काळ्या शाईतच ठेवावी लागतात.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला. तेथे दगडावरून रंगीत चित्रे छापली जात. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे आणि कोणत्या दगडावर किती रंग यावा, हे कारागीर नजरेने ठरवी. आज ती नजर अंकांत उतरली आहे, पण अखेरची पारख डोळ्यांचीच असते.

म्हणून हजारो प्रती काढण्यापूर्वी एक नमुना, म्हणजे प्रूफ, काढतात आणि ५००० केल्व्हिनच्या प्रमाणित पांढऱ्या प्रकाशात मूळ रंगांशी ताडून पाहतात. खोलीतल्या साध्या पिवळ्या दिव्याखाली ही तपासणी चालत नाही. त्या उजेडात कोरा कागदही पिवळसर दिसतो, आणि केवड्याचा फिकट ठिपका चित्रात असूनही नजरेस पडत नाही.