मशेरी आणि पेशीतल्या चुका

कॅन्सर झाला की वस्तीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘मागच्या जन्माचं पाप’ आणि ‘त्यांच्या घराण्यातच आहे’. पहिल्याला उत्तर द्यायची गरज आपल्या वाचकांना नसावी, तरी दबक्या आवाजात ते बोललं जातंच. दुसरं थोडंसं खरं आहे. आईवडिलांकडून आलेल्या दोषामुळे होणारे कॅन्सर १०० मध्ये साधारण ५ ते १०. बाकी बहुतेक बिघाड जन्मानंतर घडतात.

पेशीत डीएनए असतो. तो म्हणजे सुमारे ३ अब्ज अक्षरांची सूचनांची वही. एका पेशीच्या दोन होताना ही वही पुन्हा उतरवली जाते. उतरवताना चुका होतातच. बहुतेक पेशी स्वतःच दुरुस्त करते. राहून गेलेली चूक म्हणजे उत्परिवर्तन. त्यातल्या बऱ्याच चुकांनी काही बिघडत नाही. पण पेशीला ‘वाढ’ किंवा ‘थांब’ सांगणाऱ्या जागीच चूक पडली, की गोष्ट वेगळी. १९७९ साली सापडलेलं पी-५३ हे प्रथिन असाच एक पहारेकरी. डीएनए बिघडला तर ते पेशीला थांबवतं, दुरुस्ती जमत नसेल तर मरायला लावतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये याच पहारेकऱ्याचं जनुक वारंवार मोडलेलं आढळतं.

आता मशेरी. तव्यावर भाजलेली ही तंबाखू आपल्या बायका व्यसनात मोजतच नाहीत, दात घासणं म्हणतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मशेरी घरातच तयार होते. तंबाखूतली नायट्रोसामाईन नावाची रसायनं शरीरात बदलून डीएनएला चिकटतात आणि तिथलं अक्षर चुकीचं उतरवलं जातं. गालाच्या आतल्या पेशी तर सतत नव्या होत असतात.

‘आमची आजी ऐंशीपर्यंत लावायची, तिला काय झालं?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. एका चुकीने कॅन्सर होत नाही, अनेक साठाव्या लागतात, त्याला वर्षं जातात. चूक कुठे पडेल हा योगायोग. रोज किती जास्त पडतील, हे तंबाखू ठरवते. सोडल्यावर जुन्या चुका पुसल्या जात नाहीत, पण नवी भर थांबते. म्हणून साठीतही सोडण्यात अर्थ आहे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही असेल तर दाखवा. सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणूनच उशीर होतो. ३० वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात तोंडाची मोफत तपासणी असते. मशेरी लावता हे तिथे न लाजता सांगा.