आत्महत्या प्रतिबंध : आकड्यांपलीकडील वेदना

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत 13,044 विद्यार्थी होते. संख्येने महाराष्ट्र (22,746) प्रथम क्रमांकावर होता. दर लाख लोकसंख्येमागील राष्ट्रीय प्रमाण 12.4, तर छत्तीसगडचे 28.2 होते. मात्र रायपूरच्या तेलीबांधासारख्या शहरी वस्तीतील मृत्यू असो वा दुर्गम पाड्यावरील, तक्त्यात तो 'कौटुंबिक समस्या', 'आजारपण' अशा एखाद्याच रकान्यात जमा होतो. त्या व्यक्तीने काय भोगले, हे रकाना सांगत नाही. प्रतिबंधाचे धोरण आखताना मात्र नेमके तेच जाणून घ्यावे लागते.

शब्दांतून उलगडणारी वेदना

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दर्खाइम यांनी 1897 मध्ये आत्महत्येचा संबंध व्यक्ती आणि समाज यांच्यातील सैल वा तुटलेल्या नात्याशी जोडला. त्यानंतर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी 1949 पासून मृतांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांचा अभ्यास आरंभला. असह्य मानसिक वेदना हे आत्महत्येचे मूळ असून व्यक्तीला जीवनापेक्षा ती वेदना संपवायची असते, असे प्रतिपादन त्यांनी पुढे केले. जगण्याची इच्छा आणि मरणाचा विचार एकाच वेळी मनात असतात. हे द्वंद्व हीच प्रतिबंधाची संधी होय.

चिठ्ठ्यांना मर्यादाही आहेत. बहुसंख्य व्यक्ती चिठ्ठी लिहीत नाहीत आणि लिहिणाऱ्यांची दृष्टी त्या क्षणी संकुचित झालेली असते. म्हणून त्या प्रसंगातून वाचलेल्यांचे कथन व आप्तांच्या मुलाखती यांना महत्त्व आहे.

विदर्भातील अनुभव

मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्र यांनी 2006 मध्ये महाराष्ट्र शासनाला सादर केलेल्या अभ्यासात विदर्भातील आत्महत्याग्रस्त 111 शेतकरी कुटुंबांची माहिती घेण्यात आली. कर्जबाजारीपणा 87 टक्के, आर्थिक स्थितीतील घसरण 74 टक्के, तर कौटुंबिक संघर्ष 55 टक्के प्रकरणांत आढळला. या टक्केवारीची बेरीज शंभराहून कितीतरी अधिक होते. एकाच घरात अनेक ताण एकमेकांत गुंतलेले होते, असा त्याचा अर्थ. साहजिकच केवळ कर्जमाफी किंवा केवळ समुपदेशन हा पुरेसा उपाय ठरत नाही.

पुढे अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' हा प्रकल्प राबविण्यात आला. प्रशिक्षित ग्रामकार्यकर्ते, समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरील गावे नसल्याने याचे सर्व श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. तरीही ऐकून घेणारी व्यक्ती गावातच असल्यास लोक बोलतात, हे यातून दिसले.

कायदा व धोरण

शिक्षेच्या भीतीने व्यक्ती मदत मागण्यास कचरते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून तिच्या उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेतील कलम 309 सारखी सर्वसाधारण तरतूद नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम 226 खाली गुन्हा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने 2030 पर्यंत आत्महत्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंत 10 टक्के घट करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

बोध

आत्महत्येविषयी आपुलकीने विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही; उलट बोलण्याची वाट मोकळी होते. निराशेचे बोल, एकाकीपणा, निरोपाची भाषा यांकडे शिक्षक, पालक व सहाध्यायी यांनी गांभीर्याने पाहिले पाहिजे. संकटातून सावरलेल्यांचे अनुभव प्रसारमाध्यमांनी मांडल्यास त्याचा संरक्षक परिणाम होऊ शकतो, असे 2010 मधील ऑस्ट्रियातील संशोधन सुचविते. परीक्षेतील अपयशाने खचलेल्या विद्यार्थ्यासह कोणालाही 'टेली-मानस'च्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र मदत मिळते. मृत्यूनंतर कारणाचा रकाना भरण्यापेक्षा हयातीतच ती वेदना ऐकणारी यंत्रणा गावोगावी उभी करणे, हेच प्रतिबंधाचे खरे सूत्र होय.